शेऱ्याचा चौकोन

बाटलीबाईंना किळस अशी कशाचीच येत नसे. सव्वीस वर्षं हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या लॅबमध्ये काढलेली बाई. सकाळी आठला खिडकी उघडायची, दंडाला रबर बांधायचं, शीर शोधायची, आणि दिवसभर लोकांच्या शरीरातून जे जे निघतं ते नळ्यांतून, डब्यांतून पुढे पाठवायचं. घरी आल्यावर त्या हात धुवायच्या आणि सरळ कणीक मळायला घ्यायच्या. नवरा बसडेपोत मेकॅनिक. तो आपले ग्रीसने माखलेले हात पुढे करून म्हणायचा, "तुझ्या आणि माझ्या हातांत फरक एवढाच, माझे काळे दिसतात."

बॉक्सिंगशी त्यांचा संबंध आला तो एका नियमामुळे. खेळाडूने ताकदीची औषधं घेतली आहेत का हे लघवीवरून तपासतात, आणि लघवी देताना कुणीतरी समोर उभं राहून पाहावं लागतं. दाराकडे नाही, नुसतं आपलं त्या दिशेला नाही, प्रत्यक्ष पाहावं लागतं. मुली रिंगणात उतरायला लागल्या तशी बॉक्सिंगच्या समितीला बाई हवी झाली. हॉस्पिटलमध्ये विचारणा झाली तेव्हा बाकीच्या जणींनी नाकं मुरडली. बाई म्हणाल्या, "मी येते. शनिवारी तरी घरी काय करते!" तेव्हापासून अकरा वर्षं बॉक्सिंगच्या हॉलमध्ये त्या बाटलीबाई, त्यांना दुसरं नाव नव्हतं. हजेरीपटावर असेल, पण तिथवर जातो कोण?

काम असं होतं. मुलीने शर्ट छातीपर्यंत वर घ्यायचा, बाह्या कोपरापर्यंत, पँट गुडघ्याखाली, आणि एक गोल गिरकी. हा तमाशा नव्हे, गरज होती. एकीच्या काखेत बहिणीच्या लघवीने भरलेला फुगा सापडला होता. बाईंनी तो शांतपणे काढून घेतला, उजेडाकडे धरला आणि म्हणाल्या, "बहिणीला सांग, पाणी जास्त पी. रंग बरा नाही." ती पोरगी रडता रडता हसली. वजन उतरवण्यासाठी मुलींनी अंग इतकं सुकवलेलं असायचं, की दोन-दोन तास थेंब यायचा नाही. मग बाई नळ सोडून ठेवायच्या आणि स्टुलावर बसून गप्पा मारायच्या. त्या दोन तासांत कुणाचं लग्न मोडलंय, कुणाचा बाप बोलत नाही, कुणाला आतून कशाची भीती वाटते, सगळं त्यांना कळायचं. सगळ्या त्यांना मावशी म्हणायच्या.

आणि मग बाईंचा आवडता भाग. तीन सीलबंद खोक्यांपैकी मुलीने हवं ते उचलायचं. आत काचेच्या दोन बाटल्या. एक तपासायची, दुसरी तशीच गोठवून ठेवायची. पहिलीत काही निघालं आणि मुलीला ते पटलं नाही, तर दुसरी तिच्यासमोर उघडायची. दोन्हींवर एकच सहा आकडी नंबर. बाई एकेक आकडा मोठ्याने म्हणायच्या, मुलीने तो मागोमाग म्हणायचा, पाढे म्हणावेत तसा. त्यानंतर फॉर्म. कार्बन घालून पाच पानं. चार पानांवर नाव, त्यातलं गुलाबी पान मुलीचं स्वतःचं. पाचवं बाटल्या तपासणाऱ्या बाहेरच्या लॅबचं, त्यावर नाव नाही, फक्त नंबर. म्हणजे तपासणाऱ्याला आपण कुणाचं तपासतोय हे कळू नये. बाई अख्खा फॉर्म वाचून दाखवायच्या, शेवटच्या चौकोनापर्यंत. त्या चौकोनावर छापलं होतं: शेरा, असल्यास. अकरा वर्षांत तिथे त्यांनी "काही नाही" याशिवाय काही लिहिलं नव्हतं.

हे सगळं इतकं स्वच्छ होतं, की बाईंना त्याचा अभिमान वाटायचा. लघवीचं काम, पण स्वच्छ. मनात पहिला खडा पडला तो चिमणीच्या वेळी. चिमणी म्हणजे सगळ्यात हलक्या वजनाची एक मुलगी, छोट्या लढती लढणारी. तिच्या पहिल्या बाटलीत काहीतरी निघालं आणि दुसऱ्या सकाळी फोटोसकट पेपरात आलं. दुसरी बाटली दीड महिन्याने उघडली, तर तीत काही नव्हतं. चूक लॅबची. खुलासा छापून आला तो बसच्या तिकिटाएवढा. तोवर तिच्या क्लबने भिंतीवरचा फोटो उतरवला होता. आता ती मोबाइलची कव्हरं विकते. बाईंनी स्वतःची समजूत घातली, झाली असेल घाईत चूक.

त्याच्या पुढच्या वर्षी मोठी लढत ठरली. एका बाजूला चॅम्पियन, जिला पोस्टरवर वाघीण म्हणत. दुसऱ्या बाजूला इस्त्रीवाली. ती एका मोठ्या लाँड्रीत हॉटेलांच्या चादरी इस्त्री करायची. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग, आणि समोरचीला अशी सपाट करायची, की नाव तेच पडलं.

लढतीआधी तीन आठवडे बाई न सांगता दोघींकडे गेल्या, एकाच दिवशी. वाघिणीच्या क्लबात गार हवा, भिंतभर आरसे. ती गोड वागली. मावशी बसा, मावशी पाणी घ्या. दहा मिनिटांत बाटली भरून मोकळी. नंबर म्हणताना मात्र लक्ष फोनमध्ये. चार, सात, शून्य, आठ, एक, तीन.

दुपारी लाँड्री. आत वाफ इतकी, की चष्मा पुसत पुसत पुढे जावं लागलं. तिथल्या संडासाला कडी नव्हती. इस्त्रीवालीची आईही तिथेच कामाला, चादरींच्या घड्या घालायला. तिने बाहेरून दार धरून ठेवलं. खेळाडूला आपलं एक माणूस सोबत ठेवता येतं, तर मुलीने आईचंच नाव लिहिलं. योगायोगाने खोकं त्याच गठ्ठ्यातलं निघालं. चार, सात, शून्य, आठ, एक, आठ. मुलीने एकेक आकडा शाळेत उभं राहून म्हणावा तसा म्हटला. सह्या झाल्यावर आईने, हातातली घडी न थांबवता, एकच गोष्ट विचारली.

"समोरच्या मुलीचंही असंच बघता ना? इतकं जवळून?"

"अगदी असंच. दोघींना नियम एक."

"मग हरकत नाही. मार लागला तर लागला. पण सरळ हाताचा लागू दे."

लढत शनिवारी होती. बुधवारी दुपारी बाई जेवणाचा डबा उघडत होत्या तोच समितीच्या सेक्रेटरीचा फोन आला. जरा येऊन जाता का, पाच मिनिटांचं काम आहे. ऑफिस दोन गल्ल्या सोडून. बाई डबा तसाच झाकून गेल्या.

सेक्रेटरी म्हणजे गोड बोलणारा, कुणालाही खुर्चीवरून उठून भेटणारा माणूस. टेबलावर लॅबचा कागद होता आणि शेजारी बाईंनीच भरलेले दोन फॉर्म. त्यांवर चहा सांडलेला. शाई पसरून दोन्हींवरचे शेवटचे आकडे एकसारखे झाले होते, पोटात हवा भरल्यासारखे. लॅबच्या कागदावर एकाच नंबरापुढे लाल खूण होती. स्नायू वाढवणारं स्टेरॉइड. शेवटचा आकडा तीन. सेक्रेटरीने त्यावर अंगठा ठेवला होता, म्हणून बाईंना तो लगेच दिसला नाही.

त्याने विचारलं, इस्त्रीवालीचा नंबर कोणता होता, आठवतो का? बाई आकडे विसरत नसत. पण त्याने उत्तराची वाटच पाहिली नाही.

"हा तीन इस्त्रीवालीचाच, नाही का? नीट बघा. तिचाच असेल तर आत्ता प्रेसला बोलावतो. एक तासात मोकळे. दुसरी कुणी उभी करू, तिकिटं वाघिणीच्या नावावर गेली आहेत."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. माणूस घाबरलेला नव्हता, लाजलेला नव्हता. हॉटेलात भाजी निवडावी तसं विचारत होता.

"इस्त्रीवालीचा आठ," बाई म्हणाल्या. "तीन वाघिणीचा. खात्री करायची तर दोघींकडे गुलाबी पानं आहेत, मागवून घ्या."

"अस्सं." त्याने कागद उलटा केला आणि ड्रॉवरमध्ये सरकवला. "चहा घेणार?"

बाईंना आधी कळेचना. त्यांनी विचारलं, मग लढत कधी रद्द करताय? सेक्रेटरी समजावणीच्या सुरात म्हणाला, की असं एका बाटलीवरून कुणाला बदनाम करता येत नाही. दुसरी बाटली आहे, सुनावणी आहे, गोपनीयता आहे. बाईंनी चिमणीची आठवण दिली. तिच्या वेळी कुठे होती गोपनीयता? तो हसला.

"नियम तोच आहे हो बाई. घाई तेवढी सारखी नसते."

आणि जाता जाता, अगदी आपुलकीने, त्याने आठवण करून दिली की बाईंनी कामाला लागताना एका कागदावर सही केली होती: तपासणीबद्दलची कोणतीही माहिती कुणालाही तोंडी वा लेखी सांगणार नाही. हॉस्पिटललाही त्याची प्रत आहे.

त्या परत आल्या आणि डबा उघडला, तर भाजीचा वास सोसवेना. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. रक्त, पू, थुंकी, कशानेही न हललेली बाई लॅबच्या बेसिनवर वाकून उभी राहिली. नजरेसमोर सारखा तो अंगठा येत होता. त्यांना शिसारी आली होती ती नुसत्या त्याच्या लबाडीची नव्हती. आपण इतकी वर्षं बाह्या वर करायला लावल्या, गिरक्या घ्यायला लावल्या, पोरींची लाज आपल्या डोळ्यांखालून गेली, ती या ड्रॉवरसाठी? मुलींना नागवं करून तपासायचं आणि ह्यांनी झाकपाक करायची?

संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. म्हणजे सही केलेला कागद तिथेच मोडला, पण नवऱ्याला सांगणं त्या धरत नसत. तो नखांतलं ग्रीस काढत बसला होता. म्हणाला, "एखाद्या गाडीचे ब्रेक गेलेत हे मला माहीत आहे, आणि वरून सांगितलंय म्हणून मी ती डेपोतून सोडली. तर तू मला जेवायला वाढशील?"

"वाढीन. पण बोलणार नाही."

"मग तुझं तू बघ."

गुरुवारी त्यांनी सेक्रेटरीला दोनदा फोन केला. साहेब मीटिंगमध्ये. शुक्रवारी दोघींचं वजन झालं, तेव्हा बाई कोपऱ्यात उभ्या होत्या. दोघींचं वजन सारखं, काट्यावर. पण एकीच्या बरगड्या मोजता येत होत्या आणि दुसरीचे खांदे दोरखंड वळल्यासारखे. त्या खांद्यांत काय आहे हे त्या खोलीत दोघातिघांना माहीत होतं, आणि ते दोघंतिघं फोटोत उभे होते. इस्त्रीवालीची आई खालच्या पायरीवर लेकीचे बूट धरून बसली होती. तिने बाईंना पाहून मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवावी तशी. बाईंना मान वर करता येईना.

शनिवारी सहाला लढतीआधीची तपासणी. आधी वाघीण. मावशी, तुम्ही थकलेल्या दिसता, म्हणाली. बाईंनी तिचं सगळं नियमाप्रमाणे केलं. मग इस्त्रीवाली आली, एका हाताला ग्लोव्हखालची पट्टी बांधून झालेली, सोबत आई. खोली म्हणजे सामान ठेवायची जागा, पिवळा दिवा, एक टेबल, मागे संडास. पाऊण तास नळ चालू ठेवावा लागला. नेहमीसारख्या गप्पा काही झाल्या नाहीत. मुलगी म्हणाली, "मावशी, आज गप्प?" बाई म्हणाल्या, "दात दुखतोय."

बाटल्या भरल्या, बंद झाल्या. आकडे म्हणून झाले. बाईंनी फॉर्म ओढला, वरपासून भरत खाली आल्या आणि त्या चौकोनापाशी पेन थांबलं. तोंडी वा लेखी, कुणालाही. पण फॉर्म हा कुणाला सांगणं नव्हे, तो तर कामच आहे. फॉर्म पूर्ण भरायचा, खरा भरायचा, वाचून दाखवायचा, हेही त्याच समितीने लिहून दिलेलं. ही पळवाट आहे हे त्यांना कळत होतं. पण अकरा वर्षं दुसऱ्यांच्या पळवाटांसाठीच आपण राबलो, मग ही एक आपली, म्हणून त्यांनी ती घेतली.

पाच पानांतून उमटावं म्हणून त्यांनी पेन दाबून धरलं. लिहायला वेळ लागला. मग नेहमीच्या आवाजात, आधीच्या ओळी वाचल्या त्याच लयीत, त्यांनी वाचून दाखवलं:

"शेरा. या खेळाडूच्या प्रतिस्पर्ध्याच्या तीन आठवड्यांपूर्वीच्या नमुन्यात, क्रमांक चार सात शून्य आठ एक तीन, स्टेरॉइड आढळल्याचा अहवाल बुधवारी समितीच्या ऑफिसात आला आहे. तो क्रमांक मी स्वतः ओळखला. या खेळाडूला हे कळवलेलं नाही."

नळ अजून चालूच होता. इस्त्रीवालीने उठून तो बंद केला.

"मावशी, हे खरं?"

"मी आकडे चुकत नाही."

मुलगी पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहत राहिली. पाच महिने पहाटे पळून, दिवसा वाफेत उभं राहून, संध्याकाळी मार खाऊन ती इथवर आली होती. बाहेर हॉल भरत चालल्याचा आवाज येत होता. ती म्हणाली, मी न लढता गेले तर म्हणतील घाबरली. बाईंनी हो म्हटलं, म्हणतील. ती म्हणाली, लढले तर? मग ती आईकडे वळली. "तू बोल ना काहीतरी."

आई जमिनीवरची बॅग उचलून तिची चेन लावत होती.

"मी लाँड्रीतच बोलले होते," ती म्हणाली. "सरळ हाताचा."

इस्त्रीवालीने सही केली आणि दातांनी पट्टीची गाठ सोडायला घेतली.

सेक्रेटरी पाच मिनिटांत आला. कुणी कळवलं कोण जाणे. त्याने फॉर्म वाचला आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज बिघडला. शेरा खोडा म्हणाला. बाई म्हणाल्या, खोडला तर फॉर्म बाद, फॉर्म बाद तर तपासणी बाद, तुमचाच नियम. नवा फॉर्म भरा म्हणाला. मग त्याने पानं मोजली.

"गुलाबी कुठाय?"

इस्त्रीवालीच्या आईने बॅग काखेत घट्ट धरली. "ते आमचं असतं ना? बाईंनी वाचून दाखवलं तसं."

त्या दोघी मागच्या दाराने गेल्या. बाईंना दोन सुरक्षारक्षकांनी पुढच्या दाराने नेलं; एकाने बिचाऱ्याने त्यांची पिशवी धरली.

इथे गोष्ट संपली असती तर बाईंना निदान झोप लागली असती. पण हॉल भरलेला होता. माइकवरून सांगितलं, की इस्त्रीवालीने वैयक्तिक कारणाने माघार घेतली आहे, आणि आधीच्या लढतींसाठी आलेल्यांतली एक मुलगी आयत्या वेळी उभी केली. वजनाने कमी, अनुभवाने त्याहून कमी. तिची तपासणी करायला वेळ नव्हता. तपासणी नाही म्हणून फॉर्म नाही, फॉर्म नाही म्हणून शेऱ्याचा चौकोन नाही, आणि वाचून दाखवायला बाई तर बाहेर फुटपाथवर उभ्या होत्या. दुसऱ्या फेरीत तिचा जबडा मोडला. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या म्हणे.

बाईंनी ती बातमी एकदाच वाचली. कुणी त्यांना शाबासकी द्यायला लागलं, की त्या म्हणायच्या, "माझ्यामुळे गुद्दे थांबले नाहीत. पत्ता बदलला." चांगलं केल्याचं समाधान म्हणतात ते त्यांना मिळालंच नाही. मिळाली ती तोंडातली कडू चव, आणि ती गेली नाही.

बाकी सगळं मात्र फार झटपट झालं. रविवारच्या पेपरात इस्त्रीवालीवर सहा महिन्यांची बंदी, आयत्या वेळी पळाली म्हणून. त्याच बातमीत खाली, गोपनीयता मोडल्याबद्दल एका तपासनीस महिलेला कामावरून कमी केलं. एका दिवसात चौकशी, एका दिवसात निकाल. गुलाबी पान एका पेपराने छापलं, तेव्हा समितीने सांगितलं की प्रकरण विचाराधीन आहे आणि त्यावर बोलणं खेळाडूवर अन्याय ठरेल. चोर सोडून संन्याशाला सुळी हे बाईंनी लहानपणापासून ऐकलं होतं. चोराच्या अब्रूची इतकी काळजी घेतात हे नवीन होतं. हॉस्पिटलने ताकीद देऊन सोडलं. शीर पहिल्या टोचणीत सापडणारी माणसं फार नसतात.

चार महिन्यांनी एका सकाळी लॅबच्या खिडकीत इस्त्रीवालीची आई उभी राहिली. डॉक्टरने साखर तपासायला सांगितली होती. बाईंनी तिला आत खुर्चीवर बसवलं. लेक बरी आहे म्हणाली. बंदी उठायला दोन महिने आहेत, रोज पळते. लाँड्रीत नवं मशीन आलंय. गुलाबी पान प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलंय, लेकीच्या जन्मदाखल्याशेजारी. मग तिने विचारलं:

"ती दुसरी बाटली उघडली का हो?"

"नाही. जिची आहे तिने मागणी करायला हवी. ती करत नाही, आणि हे विचारत नाहीत."

"खराब नाही होत?"

"गोठलेली असते. दहा वर्षं टिकते."

"आमच्याकडे कालचं दूध टिकत नाही," आई म्हणाली आणि बाही वर केली. तिच्याही हातावर भाजल्याचे जुने डाग होते.

बाईंनी रबर बांधलं, शीर शोधली, एका टोचणीत रक्त घेतलं. नळीवर चिठ्ठी चिकटवली. हॉस्पिटलात नंबर वाचून दाखवायची पद्धत नाही. इथे कुणाला तेवढा वेळ नसतो. पण बाईंनी चिठ्ठी तिच्याकडे वळवली आणि एकेक आकडा म्हणायला लागल्या. आईला काही सांगावं लागलं नाही. कापूस दाबून धरून ती मागोमाग म्हणत गेली, सावकाश, प्रत्येक आकडा सुटा, रांगेतल्या मागच्या माणसालाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात.